जुना फ्यूजबोर्ड काढून नवा डीबी: काय मोजायचं, कधी मोजायचं आणि टेस्ट रिपोर्टवर काय हवं

नवा डीबी (घरभर सर्किटं वाटणारा डबा) बसला, मेन वर केला आणि आरसीसीबी (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) खाली पडला. पुन्हा वर, पुन्हा खाली. संध्याकाळ होत आलेली, फ्रिज बंद, घरचे वैतागलेले. शेवटी वायरमन आरसीसीबीला बगल देऊन मेनची वायर थेट एमसीबींच्या (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचांच्या) पट्टीला जोडतो, ‘नंतर बघू’ म्हणतो आणि जातो. ते ‘नंतर’ बहुतेक वेळा येत नाही. आरसीसीबी डब्यात दिसतो, पण त्याच्यातून काहीच जात नाही.

यात नव्या डीबीचा दोष क्वचितच असतो. गीझरच्या वायरिंगमधली ओल, दोन खोल्यांचा एकत्र झालेला न्यूट्रल, कुणीतरी सॉकेटमागे न्यूट्रलला जोडलेली अर्थ (जमिनीला जाणारी वायर), हे सगळं घरात आधीपासूनच असतं. किटकॅट (चिनीमातीच्या जुन्या) फ्यूजला ते दिसत नव्हतं, कारण फ्यूज फक्त प्रवाह किती जास्त आहे तेवढंच बघतो. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहतो आणि फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत गेला की तोडतो. म्हणून डीबी बदलताना टेस्टिंगची सुरुवात जुना बोर्ड भिंतीवर असतानाच करायची. आधीचे आकडे हातात नसतील तर नंतरचे आकडे वाचताच येत नाहीत.

काम कोणाचं

बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरगुती उपकरण जसंच्या तसं बदलणं वेगळं. डीबी बदलणं त्यात बसत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार (२०१० चे, आता त्यांच्या जागी २०२३ चे) असं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदारानेच, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं असतं. म्हणजे कागद तीन: ठेकेदाराची अनुज्ञप्ती, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याचा वायरमनचा परवाना. तिन्हींची मुदत बघा. ‘साहेबांचं लायसन्स आहे’ एवढ्यावर भागवू नका. रिपोर्टवर सही साहेबांची आणि घरात त्यांनी पाऊलही टाकलेलं नाही, हा प्रकार सर्रास चालतो.

तेव्हा हा लेख वाचून स्वतः डबा उघडायचा नाही. पण काय मोजायला हवं, कोणत्या क्रमाने आणि कोणता आकडा आला की थांबायचं, हे घरमालकाला ठाऊक असलं की काम घाईत उरकलं जात नाही. नवशिक्या पर्यवेक्षकांनाही क्रम लावून घ्यायला याचा उपयोग होईल.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. तिथे याच डब्याला कन्झ्युमर युनिट म्हणतात आणि तो बदलणं हे बांधकाम नियमांच्या ‘पार्ट पी’खाली कळवायचं काम आहे. बीएस ७६७१ या वायरिंगच्या ब्रिटिश मानकाप्रमाणे प्रमाणपत्र आणि त्यासोबत प्रत्येक सर्किटच्या मोजमापांचा तक्ता मिळायलाच हवा. मोजमापं जवळपास हीच, फक्त कागद जास्त शिस्तीचा. आपल्याकडेही तोच तक्ता मागायला कुणाची हरकत नाही.

कोणती मीटरं लागतात

साध्या मल्टिमीटरने ‘इन्सुलेशन बघितलं’ असं कुणी म्हणाला तर ते सोडून द्या. मल्टिमीटर ओहम मोजताना जेमतेम काही व्होल्ट लावतो. प्लास्टिक तडकलंय, फटीत ओल आहे, तरी तेवढ्या दाबाला ती फट दाद देत नाही. मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं मीटर, ५०० व्होल्ट डीसी लावतो, तेव्हा तीच फट उघडी पडते.

मेगरसोबत कमी ओहम अचूक दाखवणारा कंटिन्युइटी टेस्टर, लूप टेस्टर आणि आरसीसीबी टेस्टर लागतात. ही चारही कामं करणारं एकच मल्टिफंक्शन मीटर मिळतं आणि डीबीच्या कामाला तेच बरं. शिवाय खुंट्या असलेला अर्थ टेस्टर, मिलिअँपिअरमध्ये गळती दाखवणारा क्लॅम्प मीटर आणि दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर. मीटरचं कॅलिब्रेशन वर्षाच्या आतलं असावं.

जुना बोर्ड काढण्याआधी

इथे अर्धा दिवस गेला तरी चालेल. एकेक फ्यूज काढून काय काय बंद होतं ते लिहून घ्या. ‘हॉल’ असं ढोबळ नको. ‘हॉलची ट्यूब, पंखा, बाल्कनीचा दिवा आणि किचनमधला एक्झॉस्ट’ असं लिहा. किचनचा एक्झॉस्ट हॉलच्या फ्यूजवर निघाला की समजायचं, मधे कुठेतरी कुणीतरी जवळच्या पेटीतून वायर ओढली आहे. आणि जिथून फेज ओढला तिथूनच न्यूट्रल ओढला असेल, याची खात्री नसते.

जुन्या बोर्डांत आणखी एक गोष्ट हमखास सापडते: फेजवर एक किटकॅट आणि न्यूट्रलवर दुसरं. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे जातात, लोकांना वाटतं वीज नाही, पण फेज सॉकेटपर्यंत जिवंत असतो. नव्या डीबीत न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा एकेरी एमसीबी कुठेच नको. न्यूट्रल तोडायचाच असेल तर फेजबरोबर एकाच दांड्याने.

आता मेगर. मेन बंद, इन्व्हर्टर बंद करून त्याचं आउटपुट सोडवलेलं, सगळ्या उपकरणांच्या पिना बाहेर. पहिलं मोजमाप सगळ्या फेज आणि न्यूट्रल वायरी एकत्र बांधून त्यांच्या आणि अर्थच्या मधे, ५०० व्होल्ट, एक मिनिट. फेज आणि न्यूट्रल एकत्र असल्याने एलईडीचे ड्रायव्हर किंवा पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांच्यावर दाब येत नाही. मात्र सर्ज प्रोटेक्टर असेल तर तो सोडवायला हवा, कारण तो आकडा खाली ओढतो. सगळे स्विच चालू ठेवायचे, नाहीतर स्विचपासून दिव्यापर्यंतची वायर मोजलीच जात नाही. जिन्यातला टू-वे स्विच दोन्ही बाजूंना टाकून पाहायचा.

किमान मर्यादा १ मेगाओहम. जुन्या पद्धतीत ५० ला पॉइंटच्या संख्येने भागून येईल तितके मेगाओहम चालत असत. आजही काही जण तोच हिशेब सांगतात. पण मर्यादा म्हणजे नापास होण्याची रेषा, चांगलं असण्याची नव्हे. धड पीव्हीसी वायरिंग कोरड्या दिवसांत ५०, १००, २०० मेगाओहम सहज दाखवतं. २ मेगाओहम आला म्हणजे पास झालं खरं, पण कुठेतरी पाणी आहे.

सगळं एकत्र मोजताना गणित उलटं चालतं हेही लक्षात ठेवा. प्रत्येकी १० मेगाओहमची दहा सर्किटं एकत्र बांधली की मीटर १ दाखवतो. एकच सर्किट १ चं आणि बाकी नऊ उत्तम असली तरी आकडा एकच्या आसपासच येतो. म्हणून एकत्र आकडा कमी आला की सर्किटं सुटी करून एकेक मोजायची. दुसऱ्या प्रकारात दोषी सर्किट लगेच वेगळं पडतं. गीझर आणि पाण्याचा पंप यांची वायर पिन काढूनही कमी दाखवत असेल तर दोष भिंतीत. पिन लावल्यावरच आकडा कोसळत असेल तर दोष उपकरणात, बहुधा गीझरच्या एलिमेंटमध्ये.

ही मोजणी पावसाळ्यात झाली तर उत्तमच. मे महिन्यात कोरडी भिंत खोटं बोलते. गच्चीलगतच्या आणि बाथरूमच्या पलीकडच्या भिंतींतले आकडे जुलैत वेगळे येतात.

त्यानंतर न्यूट्रलची शहानिशा. सगळ्या सर्किटांचे न्यूट्रल पट्टीतून सोडवून सुटे करायचे, फेजही सुटे, आणि एका न्यूट्रलपासून दुसऱ्यापर्यंत कंटिन्युइटी बघायची. मीटर वाजला तर ती दोन सर्किटं कुठेतरी पेटीत एक झाली आहेत. फ्यूजबोर्डावर त्याने फरक पडत नव्हता. डीबीत दोन आरसीसीबी घालायचं ठरवलं तर एकाचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल वापरला जातो, आणि दिवा लावताच दोन्ही पडतात. वेगळे होत नसतील तर ती दोन सर्किटं एकाच आरसीसीबीखाली आणि एकाच एमसीबीवर ठेवायची. वायरीच्या जाडीला झेपत असेल तरच.

शेवटी प्रत्येक सॉकेटची अर्थ. तीन भोकं आहेत म्हणून अर्थ आहे असं नाही. कित्येक जुन्या घरांत वरच्या भोकामागे काहीच नसतं, किंवा आतल्या आत न्यूट्रलला तुकडा जोडलेला असतो. हा दुसरा प्रकार जीवघेणा आहे: न्यूट्रल कुठे सुटला की वॉशिंग मशीनच्या पत्र्यावर थेट २३० व्होल्ट. मुख्य अर्थ पट्टीपासून लांब वायर ओढून प्रत्येक सॉकेटपर्यंत कंटिन्युइटी बघा. लांब वायरीचा स्वतःचा रोध आधी शून्य करून घ्या.

इतकं झाल्यावर मगच डीबी किती वे चा (किती एमसीबींच्या जागांचा), आरसीसीबी किती, हे ठरवायचं. बहुतेक जण आधी डबा विकत घेतात आणि मग घर त्यात कोंबतात.

डब्याबद्दल थोडक्यात

एमसीबी वायरीवरून ठरतो, उपकरणावरून नाही. दिव्या-पंख्यांच्या १.५ चौरस मिमी वायरीला ६ किंवा १० अँपिअर, २.५ ला १६, एसी-गीझरच्या ४ ला २० किंवा २५. ‘एमसीबी सारखा पडतो’ म्हणून २.५ वर ३२ चा एमसीबी लावणं म्हणजे वायरीलाच फ्यूज करणं. आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा आणि त्याचा अँपिअरचा आकडा वरच्या मेनपेक्षा कमी नको: मेन ३२ चा तर आरसीसीबी ४० चा. आरसीसीबी ओव्हरलोड बघत नाही, त्याला वरून एमसीबीचं संरक्षण लागतंच. इन्व्हर्टर एसी आणि आजची वॉशिंग मशीन असलेल्या घरात ‘एसी’ प्रकाराऐवजी ‘ए’ प्रकारचा घ्या. अशा उपकरणांतली गळती धडधडत्या डीसीच्या रूपात येऊ शकते आणि ‘एसी’ प्रकाराला ती ओळखण्याची हमी नाही. जमत असेल तर बाथरूम-किचन एका आरसीसीबीवर आणि दिवे दुसऱ्यावर. गीझर रुसला म्हणून अख्खं घर अंधारात जायला नको.

बदलायच्या दिवशी

वीज कुठून बंद करायची हा पहिला प्रश्न. मीटर आणि त्याआधीचा कट-आउट (कंपनीचा फ्यूज) यांना वीज कंपनीचं सील असतं. ते तोडायचा अधिकार ठेकेदारालाही नाही. मीटरनंतर, मीटरखोलीत, आपल्या नावाचा मेन स्विच किंवा एमसीबी असेल तर तो बंद करून कुलूप आणि पाटी लावायची. नसेल तर कंपनीकडून वीज तोडून घ्यायची. महावितरणच्या भागात १९१२ वर किंवा शाखा कार्यालयात सांगता येतं. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा, जी कंपनी असेल तिच्याकडे. गोव्यात विद्युत खात्याकडे.

मग वीज खरंच गेली का ते पाहायचं. निऑनचा टेस्टर पेटला नाही याचा अर्थ काहीच होत नाही. दोन टोकांचा टेस्टर आधी एखाद्या चालू ठिकाणी लावून तो बरा आहे हे बघा, मग बंद केलेल्या जागी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ असं तिन्हीत, आणि पुन्हा चालू ठिकाणी. मधेच टेस्टर बिघडला असेल तर तिसऱ्या पायरीला कळतं.

आपल्याकडचा खास धोका इन्व्हर्टरचा. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो इमानेइतबारे दिव्यांच्या सर्किटवर २३० व्होल्ट चढवतो. मेन बंद असलेल्या बोर्डात हात घालून शॉक बसलेले वायरमन यातूनच होतात. इन्व्हर्टरचा स्विच बंद, आउटपुटची वायर सुटी आणि मग काम. गच्चीवर सोलर असेल तर त्याचा एसी बाजूचा आयसोलेटरही बंद. ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर ग्रिड गेल्यावर आपोआप थांबतो, पण त्या भरवशावर हात घालायचा नाही.

जोडणीत सगळ्यात जास्त बिघडणारी जागा म्हणजे स्क्रूखालची वायर. मल्टिस्ट्रँड वायरीच्या तारा पिळून थेट टर्मिनलमध्ये घातल्या की काही तारा बाहेर राहतात, काही कापल्या जातात आणि दोन वर्षांत तिथे काळं पडतं. वायरीच्या टोकावर पिन लग (धातूची टोपी) दाबून, म्हणजे क्रिंप करून घाला. एका टर्मिनलमध्ये ४ ची आणि १.५ ची वायर एकत्र नको, स्क्रू जाड वायर धरतो आणि बारीक सैल राहते. कसायचा जोर कंपनीच्या पत्रकात न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. टॉर्क स्क्रूड्रायव्हर महाग वाटतो, पण हाताच्या अंदाजाने एक स्क्रू सैल आणि पुढचा आटे गेलेला, असं होतं. दोन आरसीसीबी असतील तर दोन न्यूट्रल पट्ट्या, आणि ज्या आरसीसीबीचा फेज त्याच्याच पट्टीवर न्यूट्रल.

वीज सुरू करण्याआधीची मोजमापं

क्रम महत्त्वाचा आहे. अर्थ सलग आहे हे कळल्याशिवाय मेगरचा अर्थकडचा आकडा निरर्थक असतो: अर्थची वायर तुटलेली असेल तर इन्सुलेशन झकास दिसतं.

१. अर्थची सलगता. डीबीजवळ फेज आणि अर्थ एकत्र बांधून सॉकेटवर त्या दोघांमधला रोध मोजायचा. एकाच झटक्यात सलगताही कळते आणि फेज योग्य जागी आहे हेही. किती यायला हवं याचा आधीच अंदाज बांधा. एसीचा पॉइंट डीबीपासून १८ मीटरवर, फेज ४ चौरस मिमी, अर्थ १.५. तांब्याची ४ ची वायर मीटरला साधारण ५ मिलिओहम, १.५ ची साधारण १३. म्हणजे १८ गुणिले १८ मिलिओहम, सुमारे ०.३२ ओहम. मीटरने ०.३५ दाखवलं तर छान. ०.९ दाखवलं तर वायर बरोबर आहे पण मधल्या एखाद्या जोडात सैलपणा आहे. नुसतं ‘कंटिन्युइटी ओके’ लिहिणाऱ्याला तो जोड कधीच सापडत नाही. एसी सुरू होऊन वायर तापली की त्याच जोडाला जळका वास येतो.

२. इन्सुलेशन पुन्हा. फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि, दिवे व उपकरणं काढता येत असतील तर, फेज-न्यूट्रल. जुन्या आकड्यांशी ताडून बघा. काल ८० मेगाओहम असलेलं सर्किट आज ०.०० दाखवतंय म्हणजे डबा बसवताना वायर पत्र्याच्या कडेला चेपली आहे. आधीचा आकडा नसता तर दोष जुना की नवा यावर तासभर वाद झाला असता.

३. पोलॅरिटी. स्विच फेज तोडतो की न्यूट्रल? जुन्या वायरिंगमध्ये स्विच न्यूट्रलवर असणं दुर्मिळ नाही. दिवा विझतो, होल्डर मात्र जिवंत राहतो.

वीज सुरू केल्यावर

आधी सगळे एमसीबी खाली ठेवून मेन वर. फेज-न्यूट्रल व्होल्टेज, फेज-अर्थ व्होल्टेज, न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज. घरात भार चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट असणं साधं आहे. दहाच्या वर गेलं तर न्यूट्रलचा किंवा अर्थचा जोड शोधा. स्वतःचा अर्थ खड्डा असलेल्या घरात गीझर चालू असताना गीझरच्याच सॉकेटवर नेमकं ०.० आलं, तर खुश होऊ नका: आत कुठेतरी दोन्ही एकमेकांना जोडलेले असू शकतात.

थ्री-फेज बंगल्यात एमसीबी वर करण्याआधी न्यूट्रलचा जोड दोनदा तपासा. तिथे न्यूट्रल सुटला तर एका फेजवरचा टीव्ही आणि दुसऱ्यावरचा गीझर ४०० व्होल्टच्या मधोमध मालिकेत येतात आणि टीव्ही जातो.

पुढचं मोजमाप लूप इम्पिडन्स, म्हणजे फेज अर्थला लागला तर त्या अख्ख्या वाटेचा रोध. इमारतीला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि तिथून आलेली अर्थची तार असेल तर १६ अँपिअरच्या सी वळणाच्या (किती प्रवाहाला क्षणात पडायचं ते ठरवणारा प्रकार) एमसीबीला क्षणात पडायला १६० अँपिअर लागतात, म्हणजे लूप २३० भागिले १६०, १.४४ ओहमच्या आत. वायर तापल्यावर रोध वाढतो, म्हणून थंड असताना १.१५ च्या आत हवा.

स्वतंत्र घर आणि स्वतःचा अर्थ खड्डा असेल तर गणितच बदलतं, आणि आरसीसीबी का हवाच, याचं उत्तर इथे आहे. समजा खड्ड्याचा रोध ५ ओहम, ज्याला सगळे ‘चांगली अर्थिंग’ म्हणतात. ट्रान्सफॉर्मरकडची अर्थ २ ओहम. गीझरचा फेज टाकीला लागला तर २३० भागिले ७, सुमारे ३३ अँपिअर. १६ चा एमसीबी ३३ अँपिअरवर झटक्यात पडत नाही, तापून पडायला वेळ घेतो. तोवर गीझरच्या टाकीवर ३३ गुणिले ५, म्हणजे १६५ व्होल्ट. खाली ओल्या फरशीवर माणूस उभा. उलट आरसीसीबी असेल तर खड्डा १०० ओहमचा असला तरी ३० मिलिअँपिअरला टाकीवर ३ व्होल्ट येतात आणि तो तुटतो. मीठ-कोळसा घालून खड्ड्याचा आकडा खाली आणणं चांगलंच, पण त्याच्या बदल्यात आरसीसीबी वगळता येत नाही.

खड्डा मोजायचा असेल तर मेन बंद करूनच अर्थची वायर इलेक्ट्रोडपासून सोडवायची. नाहीतर तेवढा वेळ घर अर्थशिवाय राहतं आणि सोडवणाऱ्याच्या हातातली तार जिवंत असू शकते. प्रवाहाची खुंटी २५-३० मीटरवर, व्होल्टेजची खुंटी त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर. मधली खुंटी थोडी पुढे-मागे सरकवून तीन आकडे घ्या, ते जवळपास सारखे आले तरच खरे. कोकणातल्या जांभ्यावर आणि देशावरच्या काळ्या कातळावर खुंटीच आत जात नाही, तिथे ओलं फडकं आणि पाणी लागतं, आणि उन्हाळ्याचा आकडा पावसाळ्याच्या कितीतरी वर जातो. फ्लॅटमध्ये खुंट्या ठोकायला जागा नसते. तिथे लूप टेस्टरने मेनजवळ मोजलेला आकडा धरा. तो खड्ड्यापेक्षा थोडा जास्तच येतो, म्हणजे चूक सुरक्षित बाजूला. लूप मोजताना आरसीसीबी पडत असेल तर मीटरची ‘नो ट्रिप’ सोय वापरा.

आता आरसीसीबी. बटण दाबून तो पडला म्हणजे टेस्ट झाली, हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. बटण फेजपासून न्यूट्रलपर्यंत आतल्या आत एका रेझिस्टरमधून थोडा प्रवाह वळवतं. अर्थची वायर घरात नसली तरी बटणाने आरसीसीबी पडतोच. बटण यंत्र बघतं, टेस्टर वेळ बघतो. १५ मिलिअँपिअरवर पडायला नको. ३० वर ३०० मिलिसेकंदांच्या आत. १५० वर ४० मिलिसेकंदांच्या आत. प्रत्येक टेस्ट ० आणि १८० अंश, म्हणजे एसी लाटेच्या दोन्ही अर्ध्या बाजूंनी, आणि लिहायचा तो दोघांतला वाईट आकडा. त्यानंतर बटण.

शेवटी सगळी उपकरणं लावून मेनच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र गळती क्लॅम्पमध्ये घ्या. दिसेल ती घराची नेहमीची गळती. कंप्युटर, एलईडी, इन्व्हर्टर एसी सगळे थोडी थोडी गळती अर्थकडे सोडतात. ३० च्या आरसीसीबीवर ती ९ मिलिअँपिअरच्या आत असावी. १४ असेल तर आज तो टिकेल, पहिल्या पावसात टिकणार नाही.

इन्व्हर्टर कसा जोडायचा

इन्व्हर्टरचा फेज आणि न्यूट्रल, दोन्ही एकाच आरसीसीबीच्या खालून घ्या. फेज वरून आणि न्यूट्रल खालून घेतला की लगेच ट्रिप. बॅटरीवर असतानाही आरसीसीबीचं पक्कं संरक्षण हवं असेल तर इन्व्हर्टरच्या आउटपुटवर स्वतःचा आरसीसीबी आणि त्या सर्किटांना स्वतःची न्यूट्रल पट्टी लागते. जुन्या घरात त्यासाठी न्यूट्रल वेगळे करावे लागतात, म्हणून ठेकेदार टाळतात. लाईट गेल्यावर एकदा आरसीसीबी हाताने पाडून काय काय चालू राहतं तेही बघा आणि डब्याच्या दारावर लिहा.

रिपोर्ट

मंजूर भार वाढवायचा असेल किंवा नवं कनेक्शन असेल तर ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट वीज कंपनीला द्यावा लागतो. नुसता डीबी बदलला तरी स्वतःसाठी घ्या. छापील नमुन्यात जोडलेला भार, इन्सुलेशन, अर्थ आणि सह्या-शिक्के एवढ्यावर भागतं. त्याला एक पान जोडायला सांगा. प्रत्येक सर्किटला एक ओळ: नाव, वायरीची जाडी, एमसीबी आणि त्याचं वळण, सलगतेचे ओहम, इन्सुलेशनचे तिन्ही आकडे, लूप, पोलॅरिटी. खाली आरसीसीबीच्या वेळा मिलिसेकंदांत, अर्थचा रोध आणि मोजण्याची पद्धत, मीटरचा अनुक्रमांक, तारीख, हवा ओली की कोरडी.

सगळ्या ओळींत ‘५० मेगाओहम’ आणि ‘१ ओहम’ असे एकसारखे गोल आकडे असतील तर ते मोजलेले नाहीत. खऱ्या घरात किचनचं सर्किट ३८ असतं, बेडरूमचं २०० च्या वर आणि गीझरचं ६.

नंतर ट्रिप झालाच तर

सगळे एमसीबी खाली, आरसीसीबी वर. तरीही पडला तर आरसीसीबी आणि एमसीबींच्या मधे, किंवा न्यूट्रल पट्टीच्या बाजूने दोष. टिकला तर एकेक एमसीबी वर करा. ज्यावर पडला त्याच्या सगळ्या पिना काढून पुन्हा. पण एक चकवा आहे: एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून न्यूट्रल-अर्थ दोष असलेलं सर्किट एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पाडू शकतं, तेही भलत्याच खोलीत मिक्सर लावल्यावर. अशा वेळी एमसीबी पाडत बसून काही सापडत नाही. मेन बंद करून न्यूट्रल पट्टीवरून सोडवायचे, एकेकाला मेगर लावायचा आणि आकडा रिपोर्टमधल्या जुन्या आकड्याशेजारी ठेवायचा. गीझरचं ६ आता ०.०२ झालेलं दिसतं.